सोलापूरच्या नवी पेठेतल्या ‘पगाराच्या मॅडम’: आठशे रुपयांत काय मिळतं आणि काय नाही

पाचपैकी चार स्टार. कापलेल्या एका स्टारमधला अर्धा जिन्यातल्या बाकड्याचा, अर्धा मॅडमच्या आवाजाचा. दोन्हीबद्दल पुढे सांगते.

मॅडमचं नाव आणि नंबर टाकत नाहीये, कारण त्यांनीच बजावलंय. नाव फिरलं की लोक बायोडेटा घेऊन जिना चढतात, आणि मॅडम नोकरी लावून देत नाहीत. त्यांचं काम एवढंच की तुमच्या हातात ऑफर आली असेल तर ती वाचून तिचा अर्थ सांगायचा, आणि पुढच्या फोनवर तुम्ही काय बोलायचं ते तुमच्याकडून घोटून घ्यायचं. फी एका ऑफरची ८०० रुपये. पुण्यात एका मोठ्या कारखान्याच्या एचआरमध्ये त्यांनी उभी नोकरी केली आणि निवृत्त होऊन सोलापूरला परत आल्या. म्हणजे समोरचा माणूस फोनवर जी वाक्यं फेकतो, ती त्या स्वतः वर्षानुवर्षं फेकत आल्यात. नवी पेठेत कुठल्याही झेरॉक्सवाल्याला ‘पगाराच्या मॅडम कुठं बसतात’ म्हणून विचारा, जिना दाखवेल.

आता माझी गोष्ट थोडक्यात, म्हणजे आठशे रुपये कशाचे ते कळेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्यात मी एक्स्पोर्टचे कागद बघायचे. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन, आणि दिवसभर न्हावा शेवा बंदरातल्या एजंटशी फोन. एलसीत, म्हणजे बँकेच्या हमीपत्रात, टॉवेलचं वजन एक आणि इन्व्हॉइसवर दुसरं पडलं की बँक कागद अडवते आणि मालकांचे पैसे लटकतात, त्यामुळे एकेक आकडा दोनदा बघायची सवय हाडात मुरलेली. ऑफर आली ती पुण्यातल्या एका फ्रेट फॉरवर्डिंगवाल्यांकडून, म्हणजे लोकांचा माल परदेशी पाठवायची व्यवस्था करणाऱ्यांकडून. सीटीसी, म्हणजे कंपनीला माझ्यावर वर्षाला पडणारा सगळा खर्च, ४ लाख ८० हजार. मध्ये एक कन्सल्टन्सीवाला होता, तो म्हणाला, “मॅम, महिन्याला चाळीस पडतील, डोळे झाकून हो म्हणा.” माझ्या हातात तेव्हा १८,५४६ रुपये येत होते. एवढं ऐकून आई विड्या वळायचं सूप बाजूला सरकवून उठली आणि तिनं शेजारी सांगितलंसुद्धा.

त्यानंतरचे दिवस मात्र नको ते. पोटात सतत गोळा. कारखान्याचं ऑफिस काचेचं, समोर मालकांची केबिन. पुण्याहून फोन आला की मी गोडाऊनमध्ये गठ्ठ्यांमागे जाऊन बोलायचे, आणि परत आले की केसाला सुताचे बारीक धागे. असिस्टंट पोरगं म्हणायचं, “ताई, परत स्टॉक मोजायलीस व्हय?” आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी, कारखान्यात दोन्ही आणि वर कन्नड. पुण्याची एचआर मात्र इंग्रजी आणि हिंदीतून सुरू व्हायची, आणि तिनं “सो, आर वुई गुड?” म्हटलं की माझ्या तोंडून आपोआप “येस मॅम” निघायचं. पगार वाढवून मागायचा म्हटलं की वाटायचं, मागितलं आणि त्यांनी ऑफरच काढून घेतली तर? मामा म्हणे काही मागू नकोस, नशीब समज. चुलतभाऊ म्हणे सात लाख माग, आयटीत सगळे तसंच करतात. तो आयटीत नाही.

आमच्या डिस्पॅचमधल्या एकानं मॅडमचं नाव सांगितलं. मी गेले.

मॅडम मोबाईलवरचं पत्र वाचत नाहीत. प्रिंट पाहिजे, तीसुद्धा एका बाजूला छापलेली, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर त्या हिशोब करतात. टेबलावर एक स्टीलची फूटपट्टी, हिरवा पेन, लाल पेन आणि पेन्सिल. फूटपट्टी ओळीखाली धरून पत्र पहिल्या शब्दापासून वाचत जातात, “डिअर” पासून. मध्ये आपण काही बोललो तर हात वर करून थांबवतात. दोन पानं झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “चाळीस कोण म्हणालं?”

मी सांगितलं.

“त्याला कंपनीकडनं कमिशन आहे. तू जॉईन झालीस की त्याचे पैसे सुटतात. तुला चाळीस मिळोत का चोवीस, त्याला फरक नाही.”

मग पगाराचा तक्ता. जे दर महिन्याला हातात येणार ते हिरवं, जे या ना त्या कारणानं आज हातात येणार नाही ते लाल, आणि जे ‘येईल तर येईल’ ते पेन्सिलनं. माझ्या तक्त्यात काय निघालं ते तसंच देते, कारण पुण्याच्या बऱ्याच ऑफरचा सांगाडा असाच असतो असं मॅडम म्हणाल्या. ४,८०,००० पैकी ४८,००० व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं आणि तुमचं काम बघून वर्षाअखेरीला देणार, पेन्सिल. कंपनीचा पीएफचा हिस्सा महिन्याला १,८०० म्हणजे वर्षाचे २१,६००. पैसे तुमचेच, पण आज हातात नाहीत, म्हणून लाल. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, १०,३९०, लाल. हा आकडा कुठून आला ते मी विचारलं. मूळ पगार १८,०००, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून; तो मूळ पगाराच्या ४.८१ टक्के येतो, आणि कंपन्या तो दरवर्षी सीटीसीत दाखवतात. हातात येतो तो पाच वर्षं टिकलात तर. विम्याचा हप्ता ८,०००, लाल. उरले ३,९२,०१०. बारानं भागून ३२,६६७. त्यातून माझा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २००, फेब्रुवारीत ३००. हातात ३०,६६७.

हा व्यवसाय कर मला नवीनच होता. महाराष्ट्रात बायकांना २५,००० पगारापर्यंत तो माफ आहे, म्हणून आजवर माझ्या स्लिपवर कधी दिसलाच नव्हता.

चाळीसवरून साडेतीसवर आल्यावर माझा चेहरा पडला असणार. मॅडमनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, पुण्यात राहणार कुठं? मी मैत्रिणीकडून चौकशी करून ठेवलेली: कॉट बेसिसवर (खोलीतली एक खाट) ६,०००, डबा ३,२००, बस आणि बारीकसारीक १,५००. त्यांनी वजाबाकी केली. सोलापुरातल्या पगारापेक्षा महिन्याला १,४२१ रुपये जास्त, आणि महिन्यातनं एकदा हुतात्मा एक्स्प्रेसनं घरी यायचं भाडं त्यातच. “एवढ्यासाठी जायलीस का?” असं त्या म्हणाल्या नाहीत. फक्त आकड्याभोवती गोल केला.

माझ्या मते आठशे रुपये खरे वसूल झाले ते यापुढच्या दोन गोष्टींत.

पहिली, ईएसआय, म्हणजे कमी पगारातल्या कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. माझा एकूण पगार २०,५०० होता. ईएसआयची मर्यादा २१,००० रुपये. त्या मर्यादेत असल्यामुळे महिन्याला १५४ रुपये कापून वडिलांची शुगरची औषधं आणि तपासण्या सगळं ईएसआयच्या दवाखान्यातून चालायचं. अवलंबून असलेले आईवडील त्यात बसतात. पुण्याच्या पगारात ईएसआय नाही, त्याच्या जागी कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम. मॅडमनी तिसऱ्या पानावरची ओळ फूटपट्टीनं दाखवली: कर्मचारी, जोडीदार आणि दोन मुलं. माझं लग्न झालेलं नाही. म्हणजे माझ्या सीटीसीतून ८,००० चा विमा कापून त्यात मी एकटी, आणि अप्पांची औषधं खिशातून. ही ओळ मी दोनदा वाचली होती. पण ‘मेडिकल आहे’ एवढंच डोक्यात गेलं होतं, कारण सगळं लक्ष चाळीसवर.

दुसरी, जुन्या कंपनीतली ग्रॅच्युइटी. माझी तिथं ४ वर्षं ५ महिने झालेली. कायमस्वरूपी नोकरीत पाच वर्षं सलग झाली की ग्रॅच्युइटी मिळते, सहा महिन्यांच्या वरचा काळ असेल तर हिशोबात ते वर्ष पूर्ण धरतात. मूळ पगार १६,०००. भागिले २६, गुणिले १५, गुणिले ५. उत्तर ४६,१५४ रुपये. मॅडम म्हणाल्या, जुन्या १९७२ च्या कायद्याखाली मद्रास उच्च न्यायालयाचा निकाल आहे, पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तरी पाच वर्षं पूर्ण धरावीत. म्हणजे माझ्या बाबतीत साधारण आणखी तीनेक महिने. “पण तुझे मालक मद्रासचा निकाल ऐकून पैसे देतील का? तुला माहीत.” मला माहीत होतं. पुण्यावाले तीस दिवसांत या म्हणत होते. म्हणजे त्यांच्या घाईची किंमत माझ्या बाजूनं ४६,००० रुपये होती, आणि ती कुणीच मोजली नव्हती.

“हे मागायचं,” मॅडम म्हणाल्या. “वाढवून द्या असं म्हणायचं नाही. तुमच्या तारखेमुळे माझं एवढं जातंय, म्हणायचं.”

इथं एक सांगते. सीटीसीचे कॅल्क्युलेटर नेटवर फुकट आहेत, हातात किती येईल ते ते सांगतात. पण कॅल्क्युलेटर तुम्हाला ‘जुन्या ठिकाणी किती वर्षं झाली’ आणि ‘घरी औषधं कुणाची’ हे विचारत नाही. मॅडमनी ते विचारलं म्हणून हे दोन आकडे बाहेर आले, आणि ते आल्याबरोबर माझ्या पोटातला गोळा चक्क कमी झाला. तोवर मला वाटायचं मी लाज सोडून जास्तीचं मागायला निघालेय. आता हातात हिशोब होता. मालकांच्या वतीनं शिपिंग लाईनशी डिटेन्शनच्या, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याच्या दंडाच्या, एकेका दिवसावरून मी रोज भांडत होते, तेव्हा कधी आवाज कापला नाही.

त्यानंतर तालीम. मॅडम एचआर झाल्या, मी मी. त्यांनी सुरुवातच इंग्रजीत केली, मी लगेच “येस मॅम.” फूटपट्टी टेबलावर आपटली. “कंपनी पुण्यात आहे का लंडनला? मराठीत बोल. तिला येत नसेल तर हिंदीत. तुला ज्या भाषेत भांडता येतं त्या भाषेत बोल.” परत सुरुवात. मी आकडा सांगितला आणि त्यापुढे लगेच “पण बघा तुम्हाला कसं जमतं तसं” जोडलं. परत फूटपट्टी. त्यांचं म्हणणं, सोलापूरची मुलं आकडा सांगून स्वतःच तो खाली आणतात, समोरच्याला काही करावंच लागत नाही. ‘बघा तुम्ही काय ते’ असलं वाक्य त्यांनी माझ्या तोंडून बंदच केलं. आकडा सांगायचा आणि थांबायचं. त्या थांबण्याची तालीम सगळ्यात अवघड गेली. पंख्याचा आवाज, खाली रिक्षावाले, आणि मॅडम माझ्याकडे बघतायत. मी दर वेळी आधी बोलायचे.

शेवटी त्यांनी तीन मागण्या एका चिठ्ठीवर लिहून दिल्या, क्रमासकट. आधी तारखेचं नुकसान, मग आईवडिलांचा विमा, मग पगार. पगार शेवटी का? कारण पगारावर ‘बजेट नाही’ हे उत्तर तयार असतं, आणि एकदा नाही म्हटलं की पुढच्या दोन गोष्टींना हो म्हणायला माणूस राजी नसतो. उलट आधी दोन ठिकाणी हो म्हणालेला माणूस तिसऱ्याला निदान ऐकून घेतो. पगारासाठी त्यांची युक्ती मला फार आवडली: सीटीसीचा आकडा वाढवून मागू नकोस, तो वरून मंजूर होऊन आलेला असतो. आकडा तोच ठेवून व्हेरिएबल निम्मं करा आणि ते फिक्स्डमध्ये घाला म्हण. एचआरला वर जाऊन नवीन मंजुरी घ्यावी लागत नाही, आणि पेन्सिलीतले २४,००० हिरवे होतात.

फोन मी गोडाऊनमधूनच केला, चिठ्ठी गठ्ठ्याला टाचणीनं लावून. एचआर पहिल्यांदा तेच म्हणाली, “मॅम, आमचं बजेट फ्रीज आहे.” मी म्हटलं, बजेटबद्दल नंतर बोलू, आधी तारखेचं बोलायचंय. ग्रॅच्युइटीचा हिशोब सांगितला आणि ४६,००० म्हणून गप्प बसले. या वेळी खरंच गप्प बसले, गठ्ठ्यावरचं मार्किंग वाचत. ती म्हणाली विचारून सांगते.

मिळालं काय ते प्रामाणिकपणे सांगते, नाहीतर हे वाचून कुणी सगळंच मिळतं समजायचं. ४६,००० मिळाले नाहीत. २५,००० जॉईनिंग बोनस मिळाला, आणि वर्षाच्या आत सोडलं तर परत करायचा अशी अट. मॅडमच्या सांगण्यावरून मी ‘जेवढे महिने काम केलं तेवढ्या प्रमाणात माफ’ हे शब्द घालून घेतले. आईवडिलांना ग्रुप पॉलिसीत घेता येतं हे कळलं, पण हप्ता माझ्याच पगारातून, वर्षाला १४,०००. आधीचे आजार पहिल्या दिवसापासून धरतात का, हे मी मेलवर लेखी मागितलं, हो आलं. अप्पांची शुगर आहे, तर तो ‘हो’ मला बोनसपेक्षा मोठा वाटला. व्हेरिएबल निम्मं झालं, हातातले ३२,६६७ झाले, विम्याचा हप्ता जाऊन साडेएकतीसच्या आसपास. आणि सहा महिन्यांनी कन्फर्मेशनच्या वेळी पगाराचा फेरविचार, हे पत्रात आलं. नोटीस पीरियडवर मात्र काही हललं नाही. मी सोडलं तर साठ दिवस, त्यांनी काढलं तर पंधरा. “पॉलिसी आहे मॅम.” मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, “ती पॉलिसी मीच कितीतरी लोकांना सांगितलीय, हलत नाही.”

सही झालेलं सुधारित पत्र हातात येईपर्यंत राजीनामा द्यायचा नाही, फोनवरचा ‘हो’ धरायचा नाही, हे त्यांनी दारातनं बाहेर पडताना परत सांगितलं. ते बरं झालं, कारण फोननंतर आठवडाभर पत्रच आलं नाही, आणि त्या आठवड्यात मालकांना कुठूनतरी कुणकुण लागली. बोलावलं. “काय कमी पडायलंय तुला इथं? घरच्यासारखी आहेस. पाच हजार वाढवतो, जाऊ नकोस.” आवाज चढवला नाही, चहा मागवला. आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मी राहिले असते. पाच हजार वाढ, पुण्याचं भाडं नाही, आईच्या हातची शेंगाचटणी-भाकरी. मालकांना म्हटलं, वाढीचं लेटर द्याल का? ते म्हणाले, “आपल्यात लेटर कशाला?” चार वर्षांत दर दिवाळीला हेच झालं होतं.

हाच प्रश्न घेऊन मी मॅडमकडे परत गेले होते. जाऊ का राहू? त्यांनी उत्तर दिलं नाही. “ते मला विचारायचं नाही. त्याचा रेट माझ्याकडे नाही.” तेव्हा राग आला. घोर तर त्याचाच होता, आकड्यांचा नव्हे. झोप लागत नव्हती ती अप्पांना आणि आईला ठेवून जायचं म्हणून, इम्पोर्टचं काम शिकायला मिळेल ते सोडवत नाही म्हणून. त्याला या सेवेत काही नाही. कुणाला त्यासाठी जायचं असेल तर जाऊ नका, आठशे रुपये फुकट जातील. अर्थात त्यांनी उलटं केलं असतं, म्हणजे ‘जा गं, पोरीनं बाहेर पडलंच पाहिजे’ असं भाषण दिलं असतं, तर मला जास्त राग आला असता.

आता तक्रारी.

जिन्यात एक बाकडं आहे, त्यावर तिघं बसतात, चौथा पायरीवर. वेळ घेऊन गेलं तरी वाट बघावी लागते, कारण आधीच्याचं पत्र लांबलं की मॅडम उठवत नाहीत. तेवढं चालेल. पण दार उघडं असतं आणि मॅडमचा आवाज कारखान्यात घडलेला. माझ्या आधी आत असलेल्या मुलाचा बेसिक, त्याचा व्हेरिएबल आणि जुन्या कंपनीत त्याला किती कमी देत होते, हे सगळं आम्ही बाकड्यावर बसून ऐकलं. तो बाहेर आला तेव्हा आम्ही तिघांनी मोबाईलमध्ये माना घातल्या. सोलापूर लहान आहे. बाकड्यावरचा एखादा तुमच्या मालकांचा भाचा निघू शकतो. दार लावा म्हटलं तर म्हणतात गुदमरतं. मग मी माझे आकडे बोटानं दाखवले, तोंडानं बोलले नाही. दाराला पडदा तरी लावा, मॅडम.

दुसरं, फी घेतल्यावर फोनवर काही विचारायचं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर सुधारित पत्र पाठवलं तर ‘प्रिंट घेऊन या’ एवढंच उत्तर. त्याच ऑफरचं सुधारित पत्र वाचायचे वेगळे पैसे घेत नाहीत हे खरं, पण जिना परत चढायचा.

तिसरं, शेअर, ईसॉप (कर्मचाऱ्यांना कंपनीचे शेअर घ्यायची सवलत), परदेशी कंपनीचा डॉलरमधला करार असलं काही असेल तर त्यांचा उपयोग नाही. त्या स्वतःच सांगतात. कारखाना, लॉजिस्टिक्स, अकाउंट्स, दवाखाना, शाळा, बँकेचं कंत्राटी काम, इथवर त्यांचा हात चांगला चालतो. ठरावीक मुदतीच्या करारावर घेणार असतील तर ग्रॅच्युइटीला आता एक वर्ष पुरतं, आणि भत्ते निम्म्याच्या वर फुगवून मूळ पगार लहान ठेवायची जुनी चाल २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या वेतन संहितेत चालत नाही, हे त्यांना तोंडपाठ आहे. ज्या कन्सल्टन्सीनं नोंदणीचे किंवा ‘ट्रेनिंग डिपॉझिट’चे पैसे मागितले, तिचं पत्र घेऊन गेलात तर वाचतसुद्धा नाहीत. खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही म्हणून पत्र परत सरकवतात, आणि फी घेत नाहीत. माझ्यासमोर एकाला असंच पाठवलं. तो हिरमुसला, पण त्याचे डिपॉझिटचे पैसे वाचले.

शेवटच्या भेटीत फुकट मिळालेल्या गोष्टीही लिहून ठेवते. राजीनामा मेलवर द्यायचा, तारीख घालून, आणि पोच मागायची. रिलीव्हिंग लेटर आणि शेवटच्या तीन स्लिपा हातात आल्याशिवाय ‘येतो’ म्हणून मोकळं व्हायचं नाही. पीएफ काढायचा नाही, ट्रान्सफर करायचा, यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, तोच राहतो. सलग पाच वर्षं व्हायच्या आत काढला आणि रक्कम पन्नास हजार किंवा वर असेल तर त्यावर टीडीएस बसतो. जुन्या मालकांनी पीएफवर नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाल्यावर आपली आपण टाकता येते. जुन्या ठिकाणच्या पगाराचा हिशोब नव्या कंपनीला द्यायचा, म्हणजे वर्षाअखेरीला कर एकदम अंगावर येत नाही. माझ्या मालकांनी रिलीव्हिंग लेटर द्यायला बराच उशीर लावला, पण मेलची पोच होती, त्यामुळे पुण्यावाले थांबले.

कुणी जावं? ज्याच्या हातात लेखी ऑफर आहे आणि अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. ‘हो’ म्हणून झालं असेल तर मॅडम पत्र वाचून देतील, पण मागण्यांची चिठ्ठी देणार नाहीत. तोंडी ऑफरवर जाऊ नका, त्यांना कागद लागतो. पगार कितीही असू दे, फी तीच; बारा हजारांची ऑफर आणलेल्या नर्सिंगच्या मुलीकडून मात्र त्यांनी निम्मीच घेतली.

सोमवारी बंद. संध्याकाळी पाचनंतर बाकडं भरतं, त्याआधी जा. चालू पगाराची स्लिप आणि जुनं अपॉइंटमेंट लेटर असेल तर तेही बरोबर न्या, नाहीतर परत पाठवतात. प्रिंट एका बाजूला. यूपीआय चालतं, पण रेंज जिन्यात येते, खोलीत येत नाही.